बाभळीखालचा चहा

माझ्या सासऱ्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं. घोडा कसा चालतो हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. आणि तरी सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांत, जळकोटच्या त्या पटावर शेवटचा शब्द त्यांचाच असायचा. हे ऐकून कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. हसा बापडे, पण आधी सगळं ऐकून घ्या.

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मामांचं हॉटेल म्हणजे वर पत्रे, खाली दोन बाकडी, एक चूल आणि पाण्याचा रांजण. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं एक बाभूळ, आणि मग नुसतं माळरान. मी लग्न होऊन आले तेव्हा दुष्काळ तोंड वासून उभाच होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा ढोकीच्या साखर कारखान्यावर फिटर, सुट्टी मिळंल तेव्हा यायचा. म्हणजे हॉटेलात मामा आणि मी. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, अशी माहेरून ताकीद घेऊन आले होते. पहिली पाळली. दुसरी किती दिवस पाळणार? जीभ आमची जन्मजात तिखट.

तो पट कुणा ड्रायव्हरचाच. गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणून तो इथं अडकून पडला होता, तेव्हा वेळ जाईना म्हणून चहाच्या खोक्याच्या फळीवर कोळशानं घरं आखली आणि जाताना तशीच टाकून गेला. दुसऱ्या कुणी त्यावर ऑईलपेंट मारला. मोहरे मिळंल त्याचे. एका बाजूची प्यादी म्हणजे चिंचोके, दुसऱ्या बाजूची पांढरे खडे. हत्ती म्हणून मोठे नट. एक वजीर होता जुना स्पार्क प्लग आणि दुसरा बाटलीचं बूच. राजे तेवढे लाकडाचे, सोलापूरच्या एका सुताराकडनं कुणीतरी करून आणलेले.

पण खरी गंमत खेळण्याच्या पद्धतीत. ड्रायव्हर माणूस, त्याला बसून डाव संपवायला वेळ कुठला? म्हणून एका खेपेला एकच चाल. आज सोलापूरकडनं आलेल्यानं एक मोहरा सरकवायचा आणि निघायचं. परवा-तेरवा हैदराबादकडनं त्याचा जोडीदार आला की त्यानं उत्तर द्यायचं. एकेक डाव सुगीपासून पाडव्यापर्यंत चालायचा. खेळणाऱ्यांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसायचं. रस्त्यात कुठंतरी त्यांच्या गाड्या एकमेकींना ओलांडून जात असणार, हॉर्नही देत असणार, पण हाच तो हे कुणाला ठाऊक?

मधल्या काळात पट सांभाळायचा मामांनी. कोंबडी चढू द्यायची नाही, वाऱ्यानं चिंचोका उडू द्यायचा नाही, आणि तिऱ्हाइतानं येऊन 'अरे, इथं घोडा घे ना' म्हणून बोट घातलं तर त्याला तिथल्या तिथं अडवायचं. उभ्याउभ्या चाल करायची नाही, बसून करायची. केलेली चाल परत घ्यायची नाही. आणि पटापाशी शिवी द्यायची नाही. दिली की मामा हात लांब करून रस्त्यापलीकडं दाखवायचे. म्हणायचे, "बाभळीखाली."

एवढंच. ओरडा नाही, वाद नाही. दांडगे दांडगे ड्रायव्हर मुकाट्यानं रस्ता ओलांडून बाभळीखाली जाऊन बसायचे. हातातला चहा संपेपर्यंत तिथंच बसायचं आणि मग परत यायचं. चहा मात्र मामा स्वतः नेऊन द्यायचे, आणि तो हॉटेलातल्याच कपात.

मी एकदा म्हणाले, "मामा, शिक्षा करता आन् वर चहा पाजता? ही कसली शिक्षा?"

मामा चुलीत लाकूड सारत होते. आमचं घर धम्म घेतलेलं. गावातली काही घरं अजूनही आमच्या हॉटेलाचं पाणी शिवत नव्हती. रस्त्यावरचा माणूस जात विचारत बसत नाही, त्याला तहान लागलेली असते, म्हणून तर आमचं हॉटेल चालायचं. मामा म्हणाले, "पोरी, म्या ल्हान असताना हॉटेलाबाहेर बसून चहा प्यालोय. माझा कप येगळा, खुंटीला टांगलेला. मीच धुवायचा, मीच टांगायचा. बाहेर बसायचं काय वाटत न्हवतं गं. त्या कपाचं वाटायचं. माणूस चुकला तर त्याला भाईर बसवावं. पर कप बदलू नये."

मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आता माझा नातू मोबाईलवर असल्याच एका गटात असतो. जुन्या सायकलींची हौस असलेली देशभरातली माणसं त्यात आहेत म्हणे, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. परवा एकजण वाकडं बोलला तर गट चालवणाऱ्यानं त्याला काढूनच टाकला. नातू म्हणाला, "आजी, बरं केलं ना?" मी म्हटलं, "केलं असंल. पण त्याला चहा कोण देणार?" जाऊ द्या.

मामांचं दुसरं काम होतं निरोपांचं, आणि ते पट राखण्यापेक्षा अवघड. चाल करून जाताना प्रत्येकजण जोडीदाराला काहीतरी सांगून जायचा. ड्रायव्हर लोकांचे निरोप ते, त्यांत साखर कुठनं असणार? मी चुलीपाशी बसून सगळं ऐकायचे आणि पदर तोंडात कोंबायचे.

तेव्हा सगळ्यांत लांबलेला डाव दोघांचा चालला होता. एक सोलापूरचा, ढेरपोट्या, पान खाऊन आवाज फाटलेला. त्याला मी दादा म्हणायचे. दुसरा हैदराबादचा, पांढऱ्या दाढीचा, सडपातळ. त्याला चाचा म्हणायचे. दादा चाल करून उठला की म्हणायचा, "सांगा त्या रेड्याला, उंट खाल्ला तुझा. आता रड म्हणावं."

दोन दिवसांनी चाचा आला की मामा त्याच्यापुढं चहा ठेवायचे आणि म्हणायचे, "त्यांनी सलाम सांगितलाय. तब्येत कशी हाय विचारलंय. उंटाकडं जरा ध्यान द्या म्हणाले."

चाचा पट बघायचा, उंट गेलेला दिसायचा, आणि दात ओठ खात म्हणायचा, "उस गधे कू बोलो, तेरा घोडा कोने में सड जाएगा!"

आणि दादाला मामा सांगायचे, "चाचांचा सलाम हाय. जेवण येळेवर करत जा म्हणाले. घोडा कोपऱ्यात हाय, त्याचीबी काळजी वाटती म्हणाले."

एकदा मला राहवलं नाही. "मामा, हे धडधडीत खोटं हाय."

"व्हय," मामा म्हणाले. "शिवी माझ्या पोटात ऱ्हाऊ दे. लई पचवल्यात म्या. ह्या दोन आणखी."

आणि मजा अशी की हळूहळू त्या खोट्याला पालवी फुटली. पलीकडचा एवढा सभ्य आहे म्हटल्यावर माणसाला आपलीच जीभ खुपायला लागते. दादानं एकदा सोलापूरची चादर आणून दिली, "त्या म्हाताऱ्याला द्या, थंडीत गाडी चालवतो." चाचानं बेकरीची बिस्किटं आणली. शिव्या पार गेल्या असं नाही, पण दोन शिव्यांच्या मधे एखादा बरा शब्द यायला लागला. तो मामांना वरनं घालावा लागत नव्हता. तेव्हा मामांचा चेहरा असा फुलायचा, की जणू शह त्यांनीच दिलाय.

मग चाचा यायचा बंद झाला.

एक पंधरवडा गेला, दुसराही गेला. पटावर चाल चाचाचीच होती. दादा यायचा, पट जसाच्या तसा बघायचा आणि फणफणायचा. "पळाला का भित्रा? सांगा त्याला, हरायची एवढी लाज वाटत आसंल तर बांगड्या भर." मामा फक्त मान हलवायचे.

चाचा आला तो ओळखूच आला नाही. कपडे अंगावर लोंबत होते. बसला, पाण्याचा तांब्या हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मामांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "घरवाली गेली, मामा." लेकबाळ नव्हतं. घरात आता कुलूप आणि तो. पटावरचा एक मोहरा त्यानं कसाबसा उचलून ठेवला आणि म्हणाला, "ही लाईन सोडून देणार होतो. मग वाटलं, दुनियेत माझी वाट बघणारा एकच माणूस उरलाय, तोबी न देखलेला. त्यानं काही सांगितलंय का?"

बांगड्या भर म्हणून सांगितलं होतं. मामांनी सांगितलं, "सावकाश या म्हणाले. पट कुठं जात न्हाय."

चाचानं डोळे मिटून मान डोलवली आणि गेला.

दादा आला तेव्हा मामांनी त्याला खरंखुरं सांगितलं, काही लपवलं नाही. तो दणकट माणूस पटापुढं कितीतरी वेळ बसला. चहा गार झाला. शेवटी त्यानं एक चाल केली आणि उठून गेला, निरोप न देता. मला एवढा राग आला! म्हटलं, एका शब्दाला काय धन लागतं का? मामाही खट्टू झाले. पण चाचा आला तेव्हा मामांनी आपलं काम केलं. "त्यांना लई वाईट वाटलं," म्हणाले. "एकटं जेवत जाऊ नका म्हणाले. या रस्त्यानं जाताना हितं बसून भाकरी खात जा."

चाचा पटाकडं बघत होता. बघता बघता त्याच्या डोळ्यांतनं धारा लागल्या. गमछ्यानं तोंड पुसलं, भाकरी मागून घेतली, आणि मी दिलेली सगळी खाल्ली. त्यानंतर प्रत्येक खेपेला तो आमच्याकडंच जेवायला लागला.

मामांना बरं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांना भीतीही बसली. मला म्हणाले, "पोरी, हे दोघं कधी समोरासमोर आले तर माझं खोटं उघडं पडंल. मला चार शिव्या बसतील, त्याचं काय न्हाय. पर त्या माणसाकडं आता दुसरं काय बी न्हाय. तेबी मीच बनवलेलं निघालं, तर त्यानं जगावं कशावर?" मग मलाही धास्ती. लांबून दोन ट्रक दिसले की मी चूल सोडून बाहेर येऊन बघायचे.

आणि दुष्काळानं तेच घडवून आणलं. विहिरीनं तळ दाखवला होता. टँकर यायचा तेव्हा यायचा. हॉटेलातला रांजण माणसांसाठी, गाडीच्या इंजिनाला थेंब नाही, असं मामांनी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी मामा साखरेसाठी गावातल्या सोसायटीच्या दुकानावर गेलेले. भर दुपार. दादा बाकड्यावर चहा पीत होता. चाचाची चाल झालेली नाही म्हणून तोंड वाकडं करून बसलेला. आणि चाचाची गाडी आली, बॉनेटमधनं वाफा सोडत.

चाचा उतरला तो डबा घेऊनच. "बेटी, थोडा पानी. गाडी बंद पडंल." मी गडबडले. हो म्हणू की नको? तेवढ्यात चाचानं घाईघाईनं डबा रांजणात बुडवला.

दादा उठला. "अय म्हाताऱ्या! माणसाला प्यायाला न्हाय आन् लोखंडाला पाजतोस व्हय रं?"

"तेरे बाप का रांजण है क्या?"

"बाप काढतोस? माझा बाप काढतोस?"

मग काय विचारता. एकानं दुसऱ्याच्या सात पिढ्या काढल्या, दुसऱ्यानं आठवी शोधली. दादानं गचांडी धरली. डबा सांडला. एवढं पाणी मातीत गेलं बघून माझा जीव तुटला. धक्काबुक्कीत दोघं बाकड्यावर आदळले आणि पट हलला. त्यांचाच पट! मी धावले, फळी मोहऱ्यांसकट तशीच आडवी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली, आणि कुठनं बळ आलं कोण जाणे, ओरडले, "बाभळीखाली! दोघंबी! चला व्हा!"

दोघं जागच्या जागी थांबले. पदराआडची सून एवढ्या मोठ्यांदा ओरडंल असं त्यांनाच काय, मलाही वाटलं नव्हतं. दादानं गचांडी सोडली. दोघं मुकाट रस्ता ओलांडून गेले आणि त्या एवढ्याशा सावलीत पाठीला पाठ लावून बसले. मग पट जागेवर ठेवला, चहा केला, आणि दोन कप घेऊन मी स्वतःच पलीकडं गेले. मामा नव्हते म्हणून काय, रीत मोडायची?

मी कप ठेवत होते तेव्हा दादा पाठमोराच फणफणत होता. "ह्या पटावर माझ्यासंगं एक हैदराबादी खेळतो. काय त्याची अदब! दर चालीला सलाम सांगतो. त्याच्याकडनं शीक जरा, म्हाताऱ्या."

माझ्या हातातनं कप पडायचाच राहिला.

चाचानं हळूच मान वळवली. दादाकडं नीट बघितलं. म्हणाला, "तुमचा घोडा कोपऱ्यात अडकलाय. हौ ना?"

तेवढ्यात रस्त्यानं मामा आले, खांद्यावर साखरेची पिशवी. बाभळीखाली कोण बसलंय ते त्यांनी बघितलं आणि पिशवी तिथंच रस्त्याकडंला ठेवली. पाय ओढत आले.

"मामा," दादा ओरडला, "ह्यो? सलाम सांगणारा ह्यो? ह्यानं आत्ता माझ्या बापाला काढलं!"

मामांनी हात जोडले. "सलाम मी सांगत होतो, बाबा. ह्यांचा तुमाला, तुमचा ह्यांना. दोघांचंबी मीच बोलत होतो. चुकलो." आणि मग चाचाकडं वळले, पण त्याच्याकडं बघवेना. "एकटं जेवू नका, तेबी त्यांनी म्हटलं न्हवतं. त्या दिवशी त्यांनी काहीच सांगितलं न्हवतं, चाचा."

मला वाटलं, आता हा म्हातारा उठंल, गाडीत बसंल आणि परत कधी दिसणार नाही. मामांचीही तीच समजूत असणार, कारण ते वाट सोडून बाजूला उभे राहिले.

चाचा उठला नाही. म्हणाला, "मेरेकू मालूम था, मामा. इतकी वर्सं गाडी हाकतोय. ट्रक ड्रायव्हर कसं बोलतो मला ठावं न्हाय का? सलाम तुमचा होता. भाकरी तुमची होती. गोड लागली, म्हणून मी काय बोललो न्हाय." मग त्यानं दादाकडं बोट केलं. "पण त्या दिवशी मी रडलो, ते तुमच्या निरोपावर न्हाय. घरवाली गेल्यावर आलो तेव्हा माझं ध्यान कुठं होतं? स्पार्क प्लग, माझा वजीर, उघडा टाकून गेलो होतो. ह्याच्या उंटासमोर. लहान लेकरानंबी मारला असता. मग डाव खलास. पुन्हा आलो तर वजीर तिथंच. ह्यानं काय केलं? तिकडं लांब कोपऱ्यातलं एक प्यादं एक घर सरकवून ठेवलं."

चाचानं कप उचलून चहाचा घोट घेतला.

"निरोप तुम्ही बनवला असंल, मामा," चाचा म्हणाला. "ती चाल कोण बनवणार? ती ह्याचीच होती."

मामा माझ्याकडं बघत होते, मी मामांकडं. त्या पटाची इतकी राखण करूनही आम्हा दोघांना त्यातलं काही दिसलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. चुलीचा धूर रस्त्यापलीकडं येत नाही, तेव्हा उगीच खोटं कशाला सांगू?

दादाचे कान लाल झाले होते. तो बाजूला वळून पान थुंकला. म्हणाला, "दिसला न्हाय मला तुझा वजीर. ऊन होतं डोळ्यावर."

"हौ," चाचा म्हणाला. "ऊन लई होतं."

दादा थोडा वेळ मातीत काडीनं रेघोट्या मारत राहिला. मग त्याचा तो फाटका आवाज खाली आला, इतका की मला जेमतेम ऐकू आला. मान वर न करता त्यानं विचारलं, "काय झालं होतं भाभीला?"

आणि चाचा त्याला सांगू लागला. मामांनी माझ्या कोपराला धरून मला हॉटेलाकडं वळवलं.